स्वच्छ परत केलेली गाडी

बाबा गेले तेव्हा ऑरिनकाका त्यांच्यावर रागावलेले होते, आणि त्या रागाचं कारण मी होते. हे मी आठ महिने कुणाला सांगितलं नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बाबांचं खिमा करायचं जुनं यंत्र गाडीत घालून मी ऑरिनकाकांच्या गॅरेजकडे निघाले. सांगेन, की नुसतं यंत्र ठेवून परत येईन, हे तेव्हाही मला ठाऊक नव्हतं.

बाबा, ऑरिनकाका आणि आमच्या मिनेसोटातल्या गावचे आणखी दोघे, असा चौघांचा चाळीस वर्षांचा रिवाज होता. शिकार कुणाचीही असो, मांसाचे वाटे चार. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ऑरिनकाकांच्या गॅरेजमध्ये बसून खिमा आतड्यात भरून सॉसेज करायची. कुणी आजारी असला तर त्याचा वाटा घरी पोचायचा.

वायोमिंगमधल्या प्रॉन्गहॉर्नसाठी बाबांनी अकरा वर्षं अर्ज केला होता. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला त्या हरणाचा परवाना सोडतीतच मिळतो. तो मिळाला तेव्हा बाबा एकोणऐंशी वर्षांचे होते, त्यांच्या पिकअपचा गिअरबॉक्स गेलेला होता आणि ऑरिनकाकांच्या कमरेचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

"मी नेते तुम्हाला," मी म्हणाले. "गाडी भाड्याने घेऊ."

स्वस्तात पिकअप मिळवणं ही मी माझी कामगिरी मानली. हार्डवेअरच्या दुकानात भाड्याने मिळणारी गाडी राज्याबाहेर न्यायला बंदी होती. दुसऱ्या एकाकडे मैलांची मर्यादा होती. शेवटी विमानतळामागच्या एका छोट्या कंपनीत आठवड्याच्या दराने गाडी मिळाली, कितीही मैल, कुठल्याही राज्यात. चालवणारा दुसरा माणूस लिहिला तर जास्त पैसे पडणार होते, म्हणून मी फक्त माझं नाव लिहिलं.

"म्हणजे मी चालवायची नाही?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही आराम करा."

"आराम काय, मेल्यावर आहेच की."

वाटेत सबंध साउथ डकोटा ओलांडेपर्यंत बाबा शेजारच्या सीटवर गुडघ्यावर नकाशा ठेवून बसले. त्यापूर्वी मी त्यांना त्या सीटवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

करारात एक अट होती. मागच्या हौद्यात रक्त किंवा केस सापडले तर सफाईचा जबर दंड. ती मी दोनदा वाचली होती आणि खाली रेघ मारली होती.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बाबांनी एकाच गोळीत नर पाडला. सप्टेंबर संपत आला होता, पण ऊन जुलैसारखं होतं. त्यांनी गुडघ्यावर बसून पोट साफ केलं. हात थरथरत होते, तरी सुरी कुठे चुकली नाही.

"आता कातडं इथंच काढू," ते म्हणाले. "तुकडे करून सरळ बर्फात."

बर्फाच्या दोन पेट्या मागच्या सीटवर तयार होत्या. पण प्रॉन्गहॉर्नचे केस ठिसूळ असतात, हात लावला की झडतात, आणि वारा सुटला होता. माझ्या बाहीवर, बुटांवर, गाडीच्या दारावर केस चिकटलेले मला दिसत होते.

"गावातल्या दुकानात काढतील ना कातडं," मी म्हणाले आणि प्लास्टिकच्या दोन ताडपत्र्या पसरल्या. "यात घट्ट गुंडाळू. थेंब सांडायला नको."

"मॅरिट, उष्णता आत कोंडेल. याचं मांस टिकत नाही गं."

"तासाभराचा तर रस्ता आहे, बाबा."

त्यांनी सुरी गवताला पुसली. "गाडी तुझ्या नावावर आहे," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

खडीच्या रस्त्यावर टायर फुटला तर तो खर्चही माझ्याकडेच होता, म्हणून मी बैलगाडीच्या चालीने गाडी हाकली. तासाचे तीन तास झाले. बाबा दोनदा मागच्या काचेतून पाहत राहिले. पेट्रोलपंपाशी म्हणाले, "थांब, सोडून बर्फ तरी घालू." मी म्हणाले, आता पोचलोच.

मांस कापून देणाऱ्या दुकानापुढे पाच-सहा शिकारी रांगेत होते. रबरी एप्रन घातलेल्या माणसाने ताडपत्री सोडली आणि तोंड फिरवलं. वास माझ्यापर्यंतही आला.

"हे मी घेऊ शकत नाही. कुणी बांधलं असं?"

रांगेतला एक जण हसला. "बांधलं कसलं, वाफवलंय!"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी बाबा बोलले.

"मी बांधलं."

साठ वर्षं शिकार करणारा माणूस अनोळखी लोकांसमोर म्हणाला, मी बांधलं. दुकानदाराने त्यांच्या हातांकडे पाहिलं. त्याचा आवाज मऊ झाला.

"होतं असं वयात, आजोबा."

बाबांनी मान डोलावली. मी शेजारी उभी होते.

गाडी परत केली तेव्हा कंपनीच्या माणसाने हौद्यात हात फिरवून पाहिला. "शिकारीहून इतकी स्वच्छ गाडी कुणी आणत नाही, मॅडम," तो म्हणाला. आणि मला आनंद झाला. तो आनंद मला अजून आठवतो.

बाबांनी मित्रांना सांगितलं, की मांस तिकडच्याच एका कुटुंबाला देऊन आलो. मी विचारलं, असं का सांगितलंत? "तुझं नाव कशाला मध्ये," ते म्हणाले. डिसेंबरच्या त्या रविवारी मीच त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेले होते. ऑरिनकाकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अकरा वर्षं सोडतीची वाट आमच्याबरोबर पाहिलीस आणि वाटा परक्यांना? वा रे व्हर्लिन! आम्ही काय शिंगं चघळायची?" बाबा हसले. तेव्हाही मी सॉसेजच्या टोकांना गाठी मारत खाली पाहत राहिले. जानेवारीत बाबा दवाखान्यात होते, फेब्रुवारीत गेले.

गॅरेजमध्ये ऑरिनकाका स्टुलावर बसून सुऱ्यांना धार लावत होते. यंत्र पाहून म्हणाले, "ठेव तिथं. कॉफी घेणार?"

"काका, बाबांनी ते मांस कुणाला दिलं नव्हतं."

त्यांचा हात थांबला. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ताडपत्री, केस, दंड, रांग. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. वर्षभर मला वाटत होतं, फार वेळ लागेल.

"कातडं न काढता? प्लास्टिकमध्ये?"

"हो."

"आणि त्याने करू दिलं?"

"गाडी माझ्या नावावर होती."

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"मी दवाखान्यात आलो नाही, माहीत आहे ना तुला?"

"कमरेमुळे..."

"कंबर कसली! जानेवारीत मी गोठलेल्या तळ्यावर मासे पकडत बसलो होतो." त्यांनी चष्मा काढला. "आणि त्या रविवारी तुम्ही गेल्यावर त्याचा वाटा आम्ही तिघांनी वाटून घेतला. म्हटलं, कळू दे लेकाच्याला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

बाबा त्या रविवारी रिकाम्या हाताने घरी आले होते. मला वाटलं होतं, वाटा घ्यायला विसरले असतील.

"तो जिवंत असताना का नाही आलीस, पोरी?"

ऑरिनकाकांनी पायाने दुसरं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले. दोघांच्या मध्ये बाबांचं यंत्र होतं.

"गाडी तरी बरी होती का?" त्यांनी विचारलं.

"स्वस्त होती," मी म्हणाले. "आणि परत देताना तिच्यावर एक केससुद्धा नव्हता."