सहादेवाचं बोंडलं

"हे आटवायला देऊ नका, ताई," फक्रुद्दीन म्हणाला.

नगरच्या सराफ बाजारात, गल्लीच्या टोकाला त्याची चांदी आटवायची भट्टी होती. चाळीस वर्षांत किती तांबे, किती ताटं मुशीत गेली, त्याची गणती नव्हती. पण एखादी दुर्मिळ वस्तू आली की त्याचा हात अडायचा. तेवढ्याच वजनाची नवी चांदी देऊन तो ती ठेवून घ्यायचा. कमळाच्या झाकणाची अत्तरदाणी, हत्तीच्या सोंडेची झारी, मोराची चुनाळी. बायको बानू कुरकुरायची, आणि दर शुक्रवारी स्वतःच सगळं पुसून ठेवायची.

आज पुणतांब्याच्या राजेश्वरीबाईंनी समोर ठेवलं होतं ते बाळाला दूध पाजायचं बोंडलं. चोचीवर इवलासा पोपट कोरलेला. असं काम त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"बदल्यात नवी चांदी देतो. हे माझ्याकडे जपून राहील."

"मंग ते ऱ्हाईलच की," बाई म्हणाल्या. "मला ते ऱ्हायला नको हाय."

फक्रुद्दीननं बोंडलं पुन्हा उजेडात फिरवून पाहिलं. बाईच बोलल्या, "माज्या भावाचं हाय. सहादेव. दहा म्हयन्यांचा हुता, गेला. आईनं साठ वर्सं हे उशाशी ठिवलं. मी एकदा हात लावला तर मुस्काटात बसली. अकरा वर्सं अंथरुनावर हुती, सगळं मीच केलं. मागल्या म्हयन्यात गेली. शेवटचं पानी पाजलं तर म्हनली, 'सहादेवा, आलास व्हय रं?'"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. "मला बघवायचं न्हाई. भाईर बसते. तुमी करा."

बाई पायरीवर पाठमोऱ्या बसल्या.

फक्रुद्दीननं बोंडलं तोललं. गल्ल्यात तेवढ्याच वजनाची चांदी होती. ती मुशीत टाकली असती, तर जगात कुणालाही कळलं नसतं. त्यानं ती बाहेरही काढली. एका हातात ती, दुसऱ्या हातात पोपट. भट्टी फुरफुरत होती. दारातून बाईंचा पांढरा अंबाडा दिसत होता. एकदाही त्या मागे वळल्या नाहीत.

त्यानं चांदी गल्ल्यात परत ठेवली.

मुशीत आधी चोच वाकली. मग पोपट पुसट झाला. मग नुसतं पाणी, आरशासारखं. त्यानं सांडशीनं मूस उचलली. लगड ओतून, पाण्यात बुडवून, पुसून तो बाहेर आला.

"झालं?"

"झालं, ताई."

राजेश्वरीबाईंनी ती लगड तळहातावर घेतली.

"कोमट हाय अजून," त्या म्हणाल्या. फक्रुद्दीननं गुंडाळायला पुढे केलेला कागद न घेता, लगड तशीच मुठीत मिटून त्या स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या.