खोडलेल्या रेघा

आमच्या भूकंपमापन केंद्रात माझं काम सोपं आहे. जमीन हलली की यंत्र रेघ उमटवतं आणि त्यातली खरी कोणती, खोटी कोणती ते मी ठरवते. मालगाडी, बंदरातली क्रेन, वरच्या मजल्यावर कपाट सरकवणारा लेखनिक, सगळे त्या रेघेत येतात. ते खोडायचं, भूकंप तेवढा ठेवायचा. बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून हेच करत आले आणि त्याचा मला गर्व होता.

धाकटा भाऊ समुद्रातल्या तेलाच्या रिगवर आहे. तेल वर यावं म्हणून तळाखालच्या खडकात दाबाने पाणी सोडतात, ते पंप तो चालवतो. दीड वर्षापूर्वी मीच त्याला म्हटलं होतं, पंप लावायच्या आधी फोन करत जा, म्हणजे तुमचा गोंगाट ओळखता येईल. तो इमानाने करायचा. "ताई, आज नऊ ते अकरा आमचा धिंगाणा. खुशाल खोड." मी त्या दिवसाच्या बारीकसारीक रेघा खोडून टाकायचे. सगळ्या दिवसाच्या.

मग किनाऱ्यावरच्या घरांना तडे जाऊ लागले. आईच्या घरातही दारावरच्या भिंतीला एक गेला. भावाने सुट्टीत येऊन तो सिमेंटने बुजवला नि म्हणाला, "घर म्हातारं झालंय."

"मी त्याच्याहून म्हातारी आहे," आई म्हणाली. "मला कुठे तडा गेलाय?"

चौकशी समितीने केंद्राला विचारलं, पंप सुरू झाल्यापासून किती धक्के बसले? माझ्या यादीत दोन होते. साहेब खूश. "पंपांचा संबंध नाही, संपला विषय. आज पाचपर्यंत पाठवा. दाब दुप्पट करायला रिगवाले यादीसाठीच थांबलेत."

पाठवण्याआधी सहज म्हणून मी खोडलेल्या रेघा काढल्या. पंपाचा गोंगाट सलग असतो. यातल्या कितीतरी पंप बंद झाल्यावर, दुपारी तीनला, चारला उमटलेल्या. प्रत्येकीत आधी हलका हेलकावा, मग जोराचा, भूकंपात असतो तसा. शिकाऊ पोरीलाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण सकाळी भावाचा फोन आलेला असायचा. धक्के मोजले तर यादीतले दोन धरून कालपर्यंत एकशे त्रेचाळीस भरले. मला स्वतःची लाज वाटली.

ही खरी यादी गेली तर रिग बंद, भावाची नोकरी जाणार, बहुधा माझीही. नाही गेली तर दाब दुप्पट, आणि आई त्या तड्याखाली. साडेचारला मी त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे दीड वर्ष मी तुझ्याकडून धक्के खोडून घेत होतो?"

"खोडत मी होते."

पलीकडून पंपांची घरघर येत होती. मग तो म्हणाला, "आईला आजच तुझ्याकडे घेऊन जा. दाब सकाळीच वाढवलाय. यादीत दोनच आहेत, असं तुमच्या साहेबांनी कालच तोंडी कळवलं, मग कंपनी कागदासाठी थांबली नाही."

"पंप बंद कर."

"माझ्या सांगण्याने नाहीत होणार. तुझ्या यादीने होतील." मग त्याने विचारलं, "सकाळी मी फोन केला होता ना, ताई?"

केला होता. आणि सवयीने मी आजच्याही तशाच सहा रेघा खोडून बसले होते.

एकशे त्रेचाळीस काढून मी एकशे एकोणपन्नास लिहिलं, यादी पाठवली आणि आईला आणायला निघाले.