विहिरीचे कोमट पाणी

१९६२ च्या एप्रिलात राज्यपालांच्या पत्नी पद्मावतीदेवी घाटंजीजवळच्या बौद्ध वस्तीतील नव्या विहिरीच्या उद्घाटनास आल्या. पहिली बादली वर येताच त्यांनी तीत हात बुडवला. पाणी कोमट होते.

"वामनराव, चाळीस फूट खोलवरचे पाणी इतके तापते?"

"इकडचे ऊनच तसे, बाईसाहेब," कंत्राटदार हसला.

त्यांनी वस्तीतल्या रुखमाबाईंना विचारले. वामनरावाची नजर रुखमाबाईंवर रोखलेली होती. पण आज फीत कापली गेली की खोदकाम संपणार आणि पुन्हा दीड मैलावरच्या नाल्यावर जावे लागणार, हे रुखमाबाई जाणून होत्या.

"सकाऊन टँकर येऊन विहिरीत पाणी ओतून गेला," त्या म्हणाल्या. "विहिरीले झरा लागलाच नाही."

पद्मावतीदेवींनी कात्री तबकात ठेवली. "खोदकाम आजच पुन्हा सुरू होईल."

"होईल. अन् तुमची मोटार गेली का बंद होईल. आमाले मालूम हाय."

पद्मावतीदेवी वामनरावाला म्हणाल्या, "हे पाणी वस्तीला वाटा आणि माणसे उतरवा. तळाला पहार लागेपर्यंत मी इथेच बसते."

रुखमाबाईंनी घागर भरून घेतली. मात्र मोटारीच्या ड्रायव्हरवरची नजर काढली नाही.