बाहेरून जोडलेली वायर

मित्रांनो, मी एका जप्त केलेल्या गाडीतला जुना टेप आहे. गाडी पोलिसांच्या आवारात भिंतीला लागून उभी आहे. तिच्या चाकांतली हवा केव्हाच गेली, बॅटरीही कोणीतरी काढून नेली. आता माझ्या तोंडून साधी खरखरसुद्धा निघत नाही. तरी माझी गोष्ट तुम्हांला सांगायची आहे.

मला कोणी दुकानातून आणून गाडीत बसवलं नाही. मी कारखान्यातूनच गाडीबरोबर आलो. डॅशबोर्डमध्ये माझ्या मापाची जागा होती आणि मी तिच्यात घट्ट बसलो होतो. रेडिओ लावणं आणि कॅसेट वाजवणं, एवढीच माझी विद्या. दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घ्यायला मला दारच ठेवलेलं नव्हतं.

गाडी घेतली धायरीच्या संपतरावांनी. टेकडीखालची त्यांची जमीन बिल्डरला गेली, त्याच वर्षी. त्यांच्या पत्नी प्रेमलाताई यांनी मला पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा त्या दचकून मागे सरल्या आणि मग स्वतःलाच हसल्या. थोरली ऋतुजा इलेक्ट्रॉनिक्स शिकून हिंजवडीच्या एका कंपनीत लागली होती. धाकट्या ऋषीने कॉलेज सोडलं होतं. तो गाडी चालवायचा.

ऋषीला राग फार लवकर यायचा. एकदा स्वारगेटच्या चौकात एका रिक्षाचा आरसा गाडीला घासला. ऋषी उतरला आणि त्याने त्या रिक्षावाल्याचं डोकं त्याच्याच मीटरवर आपटलं. परत येऊन बसल्यावर त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे माझा आवाज वाढवला. त्याची बोटं ओली होती. माझ्या बटणावरचं ते रक्त कडेच्या खाचेत बरेच दिवस सुकून राहिलं होतं. मंडईपाशी गाडी लावण्यावरून त्याने एका हमालाचे दात पाडले, तेव्हाही असंच झालं. आधी मारामारी, मग मोठ्याने गाणं. घरी कळलं की संपतराव म्हणायचे, "पोरगं तापट हाय." त्या म्हणण्यात कौतुक असायचं.

हळूहळू कॅसेटी मिळेनाशा झाल्या. गाणी मोबाइलमध्ये गेली. ऋषीने मला काढून नवा टेप बसवायचं ठरवलं. ऋतुजाने त्याला अडवलं. "चांगला चालतोय की. फेकतोस कशाला? मोबाइलचा आवाज ह्याच्या आत घ्यायला वायर टाकली की झालं."

भाऊबीजेच्या दुपारी तिने मला बाहेर ओढलं. स्क्रूड्रायव्हरने माझं झाकण उचकटलं. ऋषी शेजारी टॉर्च धरून बसला होता आणि श्वाससुद्धा जपून घेत होता. कॅसेटचा आवाज जिथून पुढे जातो, त्या जागी तिने तापलेली सोल्डरिंग गन टेकवली. शिसं वितळलं, धूर निघाला. मला वेदना झाल्या की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्यानंतर मी पूर्वीचा राहिलो नाही. वायरीचं दुसरं टोक ॲशट्रेजवळच्या एका छोट्या भोकात येऊन बसलं. माझ्यात कोरी कॅसेट फिरत ठेवायची आणि त्या भोकात मोबाइलची पिन घालायची, की माझ्या चारही स्पीकरांतून मोबाइलमधलं गाणं यायचं. "कंपनीवाल्यांना नाही जमलं, माझ्या ताईने केलं," असं ऋषी भेटेल त्याला सांगत सुटला.

वायरीत एक दोष राहिला होता. तिच्यावर जाळीचं आवरण नव्हतं. फोन वाजण्याआधी तो टॉवरशी बोलू लागतो. त्या लहरी वायरीत शिरायच्या आणि माझ्यातून टक्-टक्-टक्, टक्-टक्-टक् अशी गुरगुर निघायची. फोन येणार हे माणसांच्या थोडं आधी मला कळायचं.

ऋतुजाने आणखी एक सोय केली. पिन घातलेली असली की फोन आपोआप उचलला जाईल, असं तिने लावून ठेवलं. "दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेव," ती म्हणाली. प्रेमलाताईंचा पहिला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज गाडीभर घुमला. नंतर फोनवरचा आवाज गाडीत कसा ऐकू येतो हे बघायला त्या गाडीत येऊन बसल्या आणि त्यांनी ऋतुजाला स्वयंपाकघरातून फोन करून बोलायला लावलं. ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो.

पुढच्या दसऱ्याच्या सुमारास घरात अभिनवचं नाव निघालं. तो ऋतुजाच्या कंपनीत होता. यवतमाळकडचा, भाड्याच्या खोलीत राहणारा, त्यांच्या जातीबाहेरचा. घरात बरीच आदळआपट झाली. अखेर प्रेमलाताईंनी नवऱ्याला एवढ्यावर आणलं, की पोराला एकदा जेवायला बोलवू, बघू आणि मग ठरवू. रविवारी स्वारगेटवरून त्याला घेऊन यायचं काम ऋषीकडे आलं. ऋषी हो म्हणाला. वाटेत त्याने संभाजी नावाच्या मित्राला मागच्या सीटवर घेतलं.

अभिनव स्टँडच्या बाहेर इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. हातात मंडईतून घेतलेल्या सीताफळांची पिशवी होती. तो पुढे बसला आणि पिशवी त्याने मांडीवर घेतली.

"आईंना सीताफळं आवडतात म्हणे," तो म्हणाला.

"आईंना?" मागून संभाजी म्हणाला. "आत्तापासून?"

अभिनव हसला. त्याला ती थट्टा वाटली. ऋषीने काचा वर घेतल्या आणि मला मोठं केलं. एवढं मोठं, की माझे स्पीकर फाटायला आले.

सिंहगड रोडला लागल्यावर संभाजीने मागून स्वतःच्या गळ्यातला रुमाल काढला, अभिनवच्या मानेभोवती टाकला आणि सीटमागे आवळला. ऋषीचा एक हात स्टीअरिंगवर होता. दुसऱ्या हाताचं कोपर तो अभिनवच्या तोंडावर मारत राहिला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः गात असताना ऐकला. सीताफळं सांडली आणि पायांखाली फुटली. अभिनव ओरडत होता. त्याचा आवाज माझ्या आवाजाखाली दबून गेला. बाहेर रस्त्यावर फक्त ढोलाचा ठेका जात होता.

गाडी घरी गेली नाही. ती धायरी ओलांडून टेकडीखाली गेली, त्यांच्याच विकलेल्या जमिनीकडे. शेजारी खडी क्रशर सुरू होता. अभिनवला ओढून खाली पाडलं. दारं उघडी होती आणि मी वाजत होतो. ऋषीने त्याच्यापुढे त्याचाच मोबाइल धरला. तिला सांग, गावाकडे माझं लग्न ठरलंय, मला विसर, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"नाही सांगनार," अभिनव म्हणाला. त्याच्या तोंडात रक्त होतं. "खोटं कसं सांगू जी तिला?"

ऋषीने सीटखालची टॉमी काढली. टॉमी म्हणजे चाक बदलताना लागणारी लोखंडी कांब. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. संभाजी थोडा मागे सरकला होता.

तेवढ्यात माझ्यात टक्-टक्-टक् झालं.

मला कळलं. माझ्या हातात काही नव्हतं, मित्रांनो, आणि मला हातही नव्हते. डॅशबोर्डवर ऋषीचा फोन होता, त्याची पिन माझ्यात होती. गाणं थांबलं. फोन आपोआप उचलला गेला. त्या शांततेत तिसरा घाव बसला, आणि तो फोनमधून पलीकडे गेला.

"ऋषी, कुठवर आलात रं?" चारही स्पीकरांतून प्रेमलाताईंचा आवाज आला. "कुकर लावू का?"

संभाजी पळाला. तो मागे वळून न बघता क्रशरच्या बाजूने गेला. अभिनव कण्हत होता.

"कोन कण्हतंय?" आवाज म्हणाला. "ऋषी, कोन हाय तिथं?"

ऋषी धावत आला. फोन बंद करायचा सोडून त्याने माझं बटण धरलं आणि शून्यावर नेलं. इतकी वर्षं त्याच्या बोटांना तेच ठाऊक होतं. आवाज गेला. त्याला वाटलं, आईचा फोन तुटला.

पण माझ्या बटणाने फक्त माझा आवाज जातो. पलीकडचा कान बंद होत नाही. ऋषी परत गेला, पुन्हा टॉमी उचलली, आणि पुढचं सगळं प्रेमलाताईंनी घरी उभ्या राहून ऐकलं. शेवटचा घाव अभिनवच्या उजव्या कानशिलावर बसला. मग कण्हणंही थांबलं.

मागे चाललेल्या क्रशरच्या आवाजावरून त्यांनी जागा ओळखली. मोटरसायकलवर संपतरावांच्या मागे बसून त्या आल्या तेव्हा फोन त्यांच्या कानालाच होता आणि हाताला पीठ होतं. संपतरावांनी मुलाच्या थोबाडीत मारली, त्याला पाडलं, लाथा घातल्या आणि तीच टॉमी उचलली. प्रेमलाताईंनी ती कांब मधेच पकडली.

"ह्याला मारून ते पोरगं उठनार हाय का?" त्या म्हणाल्या. "आधी त्याला उचला."

अभिनवचं डोकं मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या. संपतरावांनी ऋषीला शेजारी बसवून गाडी दवाखान्यात नेली; वाटेत मला कोणी सुरू केलं नाही.

संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात हवालदार आले. प्रेमलाताई गाडीच्या उघड्या दारात बसल्या होत्या, लुगडं रक्ताने कडक झालं होतं. ऋषी बोनेटपाशी उभा होता. हवालदार संपतरावांच्या ओळखीचे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, नीट आठवून सांगा. फोनवर तुम्हांला दिसत तर काही नव्हतं. तो संभाजी पळालाय. म्हणजे मारणारा तोच असणार. बरोबर?"

"बरोबर हाय," संपतराव म्हणाले.

प्रेमलाताईंनी दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं. त्यांच्या एका शब्दावर ऋषीचं सगळं आयुष्य होतं, आणि आत खाटेवर पडलेल्या मुलाचंही.

"ऋषीच व्हता," त्या म्हणाल्या.

"अगं, तू बघितलंस का?" संपतराव म्हणाले.

"मारायचा, धाप टाकायचा, परत मारायचा. ल्हानपणी खेळून पळत यायचा आन् माझ्या पोटाला डोकं लावून अशाच धापा टाकायचा." त्यांनी ऋषीकडे पाहिलं. "माझं पोर हाय ते. त्याचा दम मला वळखू येत न्हाई व्हय? लिवा, साहेब."

ऋषी खाली बसला. हवालदारांनी लिहिलं.

पंचनाम्याच्या वेळी ऋतुजा आली होती. वायर कुठून कुठे जाते आणि फोन कसा उचलला गेला, हे तिने साहेबांना शांतपणे समजावून दिलं. अभिनव वाचला, उजव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही, हेही तिनेच सांगितलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची निगा राखा, धूळ पुसा. माझी धूळ राहू द्या. फक्त कधी रस्त्यात एखादी गाडी दिसली, काचा वर आणि आत गाणं वाजवीपेक्षा मोठं, तर क्षणभर पाय थांबवा आणि आत बघा. गाणं मोठं का आहे, हे आतल्या टेपला सांगता येत नाही.