गठाणीच्या प्रेसखालचं फ्लोराइड

पिराजीचा मँगनीज फ्लोराइडवर जीव होता. फ्लोराइडला त्याची खबर नव्हती. फिकट गुलाबी भुकटी ती. कडाक्याच्या थंडीत तिच्यातला मँगनीजचा अणून् अणू चुंबक होई, पण भावकीसारखा: एकानं तोंड वर केलं की शेजारचा मुद्दाम खाली करणार, बेरीज शून्य. वीज तर ती अंगाला लावूनच घेत नसे. प्रचंड दाबाखाली तरी घेते का, एवढंच पिराजीला बघायचं होतं.

गुलबर्ग्याच्या माणिकराव सरांनी सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत मीटरचा काटा हलला तर पीएचडीला राहा. न्हाईतर औरादला जाऊन बापाची तूर राख."

प्रयोगशाळेतला प्रेस दाबापेक्षा तेलच जास्त गाळायचा. म्हणून पिराजी कमलनगरला चनमल्लप्पांच्या जिनिंगमध्ये आला. तिथला प्रेस कापसाच्या गठाणी आवळायचा.

"चिमूटभर भुकटीसाठी एवढा प्रेस?" चनमल्लप्पा म्हणाले. "कामून? हिची गठाण करून मुंबईला पाठवायलास का?"

"अप्पा, जोर तेवढाच, पण जागा मोहरीएवढी. म्हणून दाब राक्षसी."

दोन पोलादी ठोकळ्यांच्या टोकांमध्ये त्यानं भुकटी ठेवली. ठोकळ्यांना तारा जोडल्या, मीटर लावला.

"थांब. हंगामातला पहिला दाब नारळाशिवाय देत न्हाई मी," म्हणत अप्पांनी प्रेसच्या कडेवर नारळ फोडला. प्रेस कण्हत खाली आला.

काटा उडाला. त्यापाठोपाठ पिराजीही उडाला.

"अप्पा! वीज वाहायली! धातू झाला हिचा!"

"सोनं का?"

"मँगनीज फ्लोराइड!"

"मग ओरडायलास कामून?" असं म्हणूनही अप्पांनी पेढे मागवले. हमालांनी पिराजीला खांद्यावर घेतलं. तिथून वरून बघताना त्याला ठोकळ्यांच्या फटीत खोबऱ्याची एक कपची दिसली. भोवती ओल. वरच्या ठोकळ्यावरून खालच्यावर नारळाचं पाणी निवांत ओघळत होतं, आणि त्यातूनच वीजही.

"खाली घ्या मला," तो म्हणाला.

त्यानं ठोकळे पुसले, वाळवले, नवी चिमूट ठेवली. प्रेस पुन्हा उतरला. काटा जागचा हलला नाही. प्रेसच्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला, तरी भुकटी विजेला दारात उभं करीना.

हमाल पेढे खाऊन मोकळे झाले होते. अप्पांना मात्र पोराची दया आली. दुसरा नारळ हातात तोलत ते हळूच म्हणाले, "सर काय बघायला येतेत व्हय रे? फोडू का?"

पिराजीनं काट्याकडं बघितलं. डोळ्यांपुढून बापाची तूर सरकून गेली.

"फोडा अप्पा," तो शेवटी तारा सोडत म्हणाला. "पण लांब, तिकडं पायरीवर. खायला."