खळ्यावरचं अंथरूण

दवनीवाड्यात धान कापून खळ्यावर आला की घरचा पुरुष खळ्यावरच झोपतो. कापलेल्या धानाच्या गंजींना, पुंजण्यांना, राखण लागते. ढोरं येतात, डुकरं येतात, कधी माणूसही येतो. चुरणी, म्हणजे मळणी, आटोपून धान घरात गेला की बाजही घरात येते. खेमराजची बाज मात्र एका वर्षी खळ्यावर गेली ती परत आलीच नाही. पावसाळ्यात ती गोठ्याच्या पडवीत जायची, पण घरात नाही. गावाला वाटलं, माणसाला उघड्यावरची हवा मानवते.

खरं काय ते त्याचं त्यालाच ठाऊक होतं. लग्नानंतर बरीच वर्षं त्याचं आणि रामकलीचं नीट चाललं होतं. दोन लेकरं झाली, मोठी झाली. मग काय बिघडलं कोण जाणे. बायकोजवळ गेला की धड सुरू होण्याआधीच सगळं संपून जायचं. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. ती काही बोलायची नाही, आणि तिचं न बोलणंच त्याला टोचायचं. आपल्यातला पुरुष संपला, असं त्यानं मनाशी धरलं. आठवडी बाजारातल्या तंबूवाल्या वैदूनं ‘अंगात गरमी आहे’ म्हणून पुड्या दिल्या. त्या गुपचूप खाल्ल्या, तर छातीची धडधड आणखीच वाढली. शेवटी त्यानं अंथरूण बाहेर काढलं.

रामकली रोज सांजेला ते अंथरूण झटकून त्याच्या बाजेवर टाकून यायची.

एकदा त्याच्या हातातली कपबशी खडखडत होती. ती म्हणाली, “तुमचे हात काऊन कापून राहिले जी? जेवता दोन माणसाचं, अन् अंगाले काहीच लागत नाही. गोंदियाले जाऊन दाखवा ना एकडाव.”

ती त्या दुसऱ्याच गोष्टीवर बोट ठेवते आहे, असं त्याला वाटलं. “मले काही झालं नाही. तू आपलं पाहा,” तो म्हणाला. नंतर तिनं विचारलं नाही.

मागच्या पावसाळ्यात रामकली डेंग्यूनं गेली. दिवाळीच्या सुमारास खेमराज बांधावरच चक्कर येऊन पडला, तेव्हा मुलगा, खुमेंद्र, त्याला गोंदियाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद पानासारखा थरथरला. मग त्यांनी गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर खुमेंद्रला गोळ्या आणायला धाडलं आणि खुर्ची जवळ ओढली.

“काका, एक निजी बात पूछता हूँ. शरमाना मत. पत्नीजवळ गेल्यावर फार लवकर होऊन जातं का?”

खेमराजनं मान खाली घातली. “त्याचा अन् गळ्याचा काय संबंध जी?”

“संबंध आहे. गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते. ती गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली की अंगातलं सगळंच घाईत चालतं. छाती धडधडते, हात कापतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि तेही लवकर होतं. कोणाला प्रोस्टेटची सूज असते, कोणाच्या मनात भीती बसलेली असते. म्हणून तपासून पाहावं लागतं. तुमचं हे थायरॉईडचं दिसतं. गोळ्यांनी थायरॉईड ताब्यात आलं की पुष्कळांचं तेही सुधारतं.”

“तवाच आलो असतो तर?”

“काही महिन्यांत फरक पडला असता. पुढच्या वेळी पत्नीलाही घेऊन या. दोघांनाही समजावून सांगतो.”

“ती नाही आता,” खेमराज म्हणाला.

गोळ्या लागू पडल्या. उन्हाळी धान कापून खळ्यावर येईपर्यंत कपबशी खडखडायची थांबली. अंग भरलं, छाती शांत झाली. इतक्या वर्षांनी शरीर ठिकाणावर आलं आणि घरात रामकली नव्हती.

त्याला एकच गोष्ट खाऊ लागली. इतकी वर्षं रामकलीला काय वाटत होतं? हे सांगू शकणारी एकच बाई गावात होती. वच्छला. ती आणि रामकली रोवणीला, धानाची रोपं लावायला, कायम एकाच बांधीत असायच्या.

वच्छला अंगणात तांदूळ पाखडत होती. खेमराजनं कसंबसं विचारलं. गळ्याचंही सांगितलं, आणि बाकीचंही.

सूप थांबलं. “आता विचारता, भाऊजी? ती जित्ती होती तवा तोंडात मूग धरले होते का?”

तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“तिले वाटे, लेकरं बंद करायचं ऑपरेशन केल्यापासून आपल्यात काही राहिलंच नाही. ऑपरेशनवाल्या बाईले माणूस जवळ घेत नाही, असं कोणीतरी तिच्या कानात भरवलं होतं. मी म्हणलं, माय, ऑपरेशन तर मायंही झालं, मग हा माया कानाशी रोज कोण घोरते? तवा हासली. पण मानली नाही.”

“मले बोलली असती...”

“कायले बोलन? रोज तुमचं अंथरूण काखेत घेऊन दारात उभी राहे. मले म्हणे, आज म्हणतील, राहू दे आतच.” वच्छलानं पदरानं डोळे पुसले. “घरी जा, भाऊजी. अन् गोळ्या सोडू नका.”

खेमराज घरी न जाता खळ्यावर गेला. भर दुपारी त्यानं बाज डोक्यावर घेतली आणि घरात आणून रामकलीच्या बाजेला लावून टाकली. खुमेंद्र दारात आला.

“बाबा, पुंजणे उघडे पडले आहेत ना खळ्यावर. बाज कायले आणली?”

“आज तू झोप तिकडे.”

मुलगा गेला. खेमराज बसला. समोरच्या बाजेवर तिची गोधडी घडी घालून ठेवलेली होती. डॉक्टरांनी जसं सांगितलं होतं तसंच, गळ्यातल्या ग्रंथीपासून, त्यानं गोधडीला सगळं सांगितलं. प्रोस्टेटचंही सांगितलं, काही सुटू नये म्हणून. शेवटी म्हणाला, “बिमारी होती, रामकली. तुयात काही कमी नव्हतं.”

मग त्यानं तिची गोधडी उलगडली, ती झटकायची तशी झटकली आणि तिच्या बाजेवर अंथरली.