जास्तीची गोळी

तुम्ही दवाखानेवाल्यांनी तिला खोटारडी ठरवलंत. तोंडावर नाही, तेवढी हिंमत तुमच्यात कुठली. फाइलमध्ये लिहिलंत, 'रुग्ण सांगितल्यापेक्षा जास्त गोळ्या घेते,' खाली सही मारलीत आणि मोकळे झालात. आता ती कोण, ते नीट ऐका.

ती दातांच्या कवळ्या करते. एकोणीस वर्षं तेच. दंतवैद्यांकडून तोंडांचे ठसे येतात, ती प्लास्टर ओतते, मेणात एकेक दात बसवते. दात केसभर वाकडा बसला की म्हाताऱ्याची हिरडी सोलून निघते, म्हणून हात स्थिर लागतो. तसा तिचा होता. गेल्या वर्षी मात्र मनच खचलं. हातात कुणाचे तरी दात धरून ती तासन्‌तास बघत राहायची. मालक एकदा म्हणालाही, "अगं, दात दुसऱ्याचे, दातखीळ तुझी?" ती हसली नाही, तेव्हा तो घाबरला. त्यानेच तिला तुमच्या दवाखान्यात धाडलं.

तुम्ही गोळी दिलीत. रोज एक, संध्याकाळी जेवणानंतर. आणि खोटं कशाला बोला, गोळी लागू पडली. तिसऱ्या आठवड्यात तिला कपडे वाळत घालावेसे वाटले, एवढ्यानेच नवऱ्याचे डोळे भरून आले. पण तोंड कोरडं ठक्क पडलं. उभी राहिली की भिंत हलायची. हात कापायला लागले. बारा कवळ्यांपैकी तीन परत आल्या. मालक वाईट नाही, पण धंदा त्यालाही करायचाय. दोन महिन्यांत डॉक्टरचा कागद आण, हात बरा होणार असं लिहिलेला, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल, असं तो मान खाली घालून म्हणाला.

तुमच्या डॉक्टरने रक्त तपासलं. रक्तात औषध हवं त्याच्या तिप्पट निघालं. किती गोळ्या घेता? एक. खरं सांगा. एकच. त्याने पेन खाली ठेवलं आणि लहान पोराशी बोलावं तसा बोलायला लागला. मग नवऱ्याला आत बोलावलं आणि गोळ्यांचं पाकीट त्याच्या ताब्यात दिलं.

सहा आठवडे नवऱ्याने स्वतःच्या हाताने गोळी दिली. पाकीट त्याच्या गॅरेजातल्या पान्यांच्या पेटीत कुलपात. गोळी गिळली की जीभ वर कर, असं सांगून तो जिभेखाली बघायचा. "शाळेत कधी मॉनिटर झालो नाही, तो आता झालो," म्हणायचा. पहिल्या आठवड्यात दोघं हसली. नंतर ती नुसतीच जीभ वर करायची आणि तो न बघताच दिवा घालवायला जायचा.

पुन्हा रक्त. पुन्हा तिप्पट, वर थोडं जास्तच. आता डॉक्टरने नवऱ्याकडे पाहिलं. म्हणजे आता तोही सामील. सांगितलेलं न ऐकणाऱ्याला हे औषध देता येत नाही, पुढच्या वेळी बंद करू, असं डॉक्टर म्हणाला. जिच्यामुळे ती उठून बसली, तीच गोळी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

रक्त काढणाऱ्या बाईने दोघांना जिन्यात गाठलं. थकलेली बाई, पायात सपाता. ती तिला म्हणाली, तुम्ही खोटं बोलत नाही. औषध मोडून शरीराबाहेर काढायचं काम लिव्हरमधली काही रसायनं करतात. त्यातलं एक तुमच्याकडे जवळजवळ नाहीच. आजची गोळी मोडायच्या आत उद्याची येऊन बसते. काहींचं उलट असतं, गोळी आत गेली की लगेच फस्त, मग ते ओरडतात की गुण येत नाही. हे आई-बापाकडून येतं. तपासणी आहे. मशीन मागणारा अर्ज मी दोनदा वर पाठवला. दोनदा 'गरज नाही' असा परत आला.

"सगळे घोडे बारा टक्के," नवरा म्हणाला.

तिने मात्र वेगळंच विचारलं. "आई-बापाकडून, म्हणजे सख्ख्या बहिणीतही?"

"असू शकतं. बऱ्याचदा असतं."

ती जिन्यातच बसली. तिची ताई. चार वर्षांपूर्वी हीच गोळी, हाच डोस. दहाव्या दिवशी ताई न्हाणीघरात कोसळली, बाराव्या दिवशी गोळ्या फेकून दिल्या. सगळं घर म्हणालं, नाटकं. हीसुद्धा म्हणाली. आज ताई पडद्यामागे भिंतीकडे तोंड करून पडून असते, कुणी जेवायला हाक मारत नाही.

ती उठली आणि परत डॉक्टरच्या खोलीत गेली. रांगेतल्यांनी आरडाओरडा केला, तिने लक्ष दिलं नाही. कापणारे दोन्ही हात टेबलावर ठेवले, लपवले नाहीत.

"मी कवळ्या करते. एका तोंडाची कवळी दुसऱ्या तोंडात बसत नाही. बसली नाही म्हणून मी कुणाला खोटारडा म्हटलं नाही. नवा ठसा मागवते."

डॉक्टर म्हणाला, बाहेर रांग आहे, नियम मी केलेले नाहीत, मला वरून जे येतं ते मी करतो. तोही दमलेलाच दिसत होता. तिला त्याची दया आली नाही. दया करायला अंगात जोर लागतो.

"मग वर विचारा. माझी अर्धी करायची की पाव? आणि उद्या मी ताईला उठवून इथे आणणार आहे. तिला पहिल्या दिवशी किती द्यायची? मला तोंडी नको. कागद घ्या, लिहा. किती?"